नवशाचा भत्ता

सदतीस सालच्या उन्हाळ्यात नवशा राखीव जागेवरून लोकल बोर्डावर निवडून आला, तेव्हा धसईच्या बाजारात लोक त्याला मुद्दाम थांबवून बघायचे. कमरेला लंगोटी, खांद्यावर कुऱ्हाड, आणि म्हणे मेंबर! नवशाला त्याचं काही नव्हतं. त्याला एकच हवं होतं, गावाबाहेरच्या आपल्या वाडीला विहीर. गावच्या विहिरीवर वाडीतल्या बायांना चढू देत नसत. ओढ्यात डवरा खणायचा, झिरपलेलं पाणी करवंटीनं उपसून हंडा भरायचा, यातच त्याच्या बायकोचा, भागीचा जन्म चालला होता.

सभा महिन्यातून एकदा, तालुक्याच्या गावी. जाऊन-येऊन दहा कोस चाल. त्या दिवसाची मजुरी बुडायची, आणि मजुरी बुडाली की चूल थंड. मग वाडीतल्या म्हाताऱ्या लडकूनं तोड काढली. लावणीला एकमेकांची सावड करतात, तशी नवशाची करायची.

"तू जा सबंला. तुजा दिस आमी भरू," लडकू म्हणाला.

दर सभेला एका घरचा माणूस नवशाच्या जागी राबायचा आणि मजुरीचं भात भागीच्या पदरात घालायचा. कुणी कधी बोलून दाखवलं नाही. अशी माणसं होती ती, खोटं कशाला सांगू?

दसऱ्याच्या सुमाराला मेंबरांच्या येण्याजाण्याच्या भत्त्याचा फेरविचार निघाला. तोवर तो फक्त घोड्या-गाडीनं येणाऱ्यांना मिळायचा. तीन मेंबरांची कमिटी बसली. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसावं. पण या तिघांत पायी येणारा एकही नव्हता. प्रत्येक मेंबराला बोलावून विचारायचं, सभेला येण्यात तुमचं काय जातं? यमाजी पाटलांनी घोड्याची चंदी आणि नाल सांगितले. दुसऱ्यानं गाडीवानाचा रोज सांगितला. एकानं तर धोतराची धुलाईसुद्धा! सगळं मान डोलवून लिहून घेतलं. मग नवशाची पाळी आली.

"काय रे नवश्या, सभेच्या दिवशी तुझी मजुरी बुडते ना?"

विचारणारा माणूस वाईट नव्हता. नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण मघापासून दाराशी उभा राहून नवशा दुसऱ्यांचे घोडे नि गाड्या ऐकत होता. आपल्याकडेही चारचौघांत सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलं. त्याचा ऊर भरून आला.

"नाय सायेब," तो ताठ मानेनं म्हणाला, "माजा काय जात नाय. माजी वाडी माजा दिस भरते."

कारकुनानं लिहिलं, नुकसान नाही. पुढच्या सभेत ठराव आला. घोडेवाल्यांचा, गाडीवाल्यांचा भत्ता वाढला. पायी येणाऱ्याला काही नाही. सगळ्यांनी हात वर केले. नवशानंही केला. एकट्यानं हात खाली ठेवणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. आता यावर हसावं की रडावं?

दिवाळी झाली, भातं झोडून झाली आणि दरवर्षीसारखी अख्खी वाडी कसाऱ्याच्या बाजूला कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. तिथं सावड चालत नाही. ज्याची त्याची भट्टी. पेटलेली आपली भट्टी सोडून दुसऱ्याची कोण राखणार? हातात भत्ता असता तर नवशानं भट्टी राखायला माणूस ठेवला असता आणि सभेला धावत गेला असता. तीन सभा लागोपाठ चुकल्या की जागा जाते, हे त्याला ठाऊक होतं. पहिली चुकली. दुसरी चुकली. तिसरीच्या दिवशी वाडीच्या विहिरीचा ठराव होता, आणि नवशा काळ्या तोंडानं भट्टीच्या भेगा लिंपत बसला होता.

होळीला वाडी परतली. शिपाई कागद घेऊन आला आणि त्यानं तो वाचून दाखवला. नवशाची जागा रिकामी झाली होती. विहिरीचा ठराव मांडायला कुणी हजर नव्हतं, म्हणून तोही बाद.

शिपाई गेल्यावर लडकूनं विचारलं, "भत्त्याचा इचारला, तवा तू काय बोललास रे?"

नवशानं शब्द न् शब्द सांगितला. म्हातारा आता शिव्या घालेल म्हणून तो वाट बघत राहिला. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खरा तेच बोललास," लडकू म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "तुजी सावड केली, ता आमचाच चुकला."

भागीनं हंड्यात करवंटी टाकली आणि ती ओढ्याकडे निघाली. जुना डवरा आटला होता, दुसरा खणायचा होता.