जुन्या पट्ट्या आणि माझं इंग्रजी

मॅट्रिक होऊन मी रिसोडच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. आमच्या मेडशीच्या घरात माझ्याआधी इंग्रजीचं अक्षर कुणी गिरवलं नव्हतं. सुट्टीत घरी गेलो की वडील शेजाऱ्यांना बोलावून मला औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचायला लावायचे. मी वाचायचो. अर्थ कळला नाही तर मनानेच काहीतरी सांगायचो. तपासणारं तिथं कुणी नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते एका दिवसात झालेलं नाही.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. माझ्या खोलीसमोर एका मिस्त्रींचं दुकान होतं. पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, जाड काचांचा चष्मा. पत्र्याच्या पेट्या करायच्या, कंदील आणि बंब दुरुस्त करायचे, हे त्यांचं रोजचं काम. पण तरुणपणी ते हैदराबादेत बड्या लोकांच्या मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात होते. लिहायला-वाचायला मात्र शिकले नव्हते. कुठलंही पत्र आलं की रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचे आणि मी ते मोठ्या आवाजात वाचायचो, आजूबाजूच्या दुकानांना ऐकू जाईल असं.

एका दिवाळीनंतर जवळच्या गावचे एक मोठे शेतकरी त्यांच्याकडे आले. सगळे त्यांना मालक म्हणत. त्यांच्याकडे दोन माणसांची, उघडी, जमिनीलगत बसलेली एक लाल गाडी होती. लोक तिला रेसची गाडी म्हणायचे. देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. नंतर ती कित्येक वर्षं कापसाच्या कोठ्यात पडून राहिली. इंजिन त्यांनी अकोल्याहून माणूस आणून चालू करून घेतलं होतं. राहिला होता तो बाहेरचा साज: दिव्यांची कडी, आणि दोन्ही दारांखालून मागपर्यंत गेलेल्या लांब चकचकीत पट्ट्या. एकदा बैलगाडी मागे घेताना तिचा धक्का लागला होता. पट्ट्या पिळल्या होत्या, त्यांच्यावर पोचे पडले होते आणि मुलामा उडाला होता.

मिस्त्रींनी पट्टी हातात घेऊन पाहिली. "नव्या करून देऊ का, मालक? सोप्या पडतीन."

"नवं नको मले," मालक म्हणाले. "माह्या लहान्या भावानं ह्याच पट्टीवर बोट फिरवून इचारलं होतं, दादा, हे चांदीचं हाय काय म्हून. मंग तो टायफाइडनं गेला. हेच पायजे."

मिस्त्रींनी ते काम जवळजवळ चार महिने केलं. रेती भरलेली चामड्याची पिशवी मांडायची, तिच्यावर पट्टी उलटी ठेवायची आणि लाकडी हातोडीने आतून इतकं हलकं ठोकायचं की बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस नुसता खेळतोय. पट्टीवर तीन बारीक खाचा होत्या, टोकापासून टोकापर्यंत. त्या सरळ राहाव्यात म्हणून त्यांनी चिंचेच्या लाकडाचा तसाच खाचांचा साचा कोरला होता. मी शाळेतून आलो की त्यांच्या बाकावर बसायचो. ते डोळे मिटून पट्टीवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून इथं हाय. डोयाले नाई दिसत, बोटाले दिसते." शेवटी प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूला त्यांनी बारीक टिंबं ठोकली: डावीला एक, उजवीला दोन.

मुलामा चढवायची सोय आमच्याकडे नव्हती. मुंबईच्या एका कारखान्याचा पत्ता मिळाला. मी इंग्रजीत पत्र लिहिलं, माल अकोल्याच्या मोटारीवर चढला, तिथून रेल्वेने पुढे गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मिस्त्रींनी ते उघडलंही नव्हतं. धोतराला हात पुसून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

पत्र टाइप केलेलं होतं. दिव्यांच्या कड्यांवर मुलामा चढवतो, एवढं मला समजलं. पट्ट्यांबद्दल लिहिलं होतं की त्या जागोजागी पातळ झाल्या आहेत. पुढच्या वाक्यात दोन शब्द होते, स्क्रॅप आणि रिप्लेस. तुमची संमती असेल तर लगेच कळवा, असं शेवटी होतं.

मी स्क्रॅपचा अर्थ खरवडणे असा लावला. रिप्लेस म्हणजे पुन्हा जागेवर ठेवणे. जुळवून सांगितलं, "पट्ट्यांवरचा जुना मुलामा खरवडून काढतात, आणि नवीन चढवून परत ठेवतात. तुमची परवानगी मागतात."

"बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले. "खरवडल्याबिगर नवा धरतच नाई. लिहा, हो म्हून."

मला शंका आली नव्हती, असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. शंका आली होती. खरवडण्याच्या शब्दाला, स्क्रेपला, शेवटी आणखी एक अक्षर असतं, हे मला अंधुक आठवत होतं. शाळेत डिक्शनरी होती. आमच्या हेडमास्तरांचं इंग्रजी चांगलं होतं आणि त्यांचं घर चार पावलांवर होतं. पण आदल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात, पोरांदेखत, माझा एक उच्चार सुधारला होता. त्यांच्या दारात पत्र घेऊन जायचं माझ्या जिवावर आलं. मिस्त्री समोर उभे होते आणि माझ्याकडे विश्वासाने पाहत होते. मी "येस" लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

महिन्याने पार्सल आलं. दुकानासमोर माणसं जमली. दिव्यांची कडी आरशासारखी झाली होती. मिस्त्रींनी कागदातून पट्टी काढली, उन्हात धरली, आणि त्यांचा चेहरा बदलला. पट्टी साधी होती, गुळगुळीत. खाचा नव्हत्या. त्यांनी ती उलटी करून आतली बाजू पाहिली. दुसरीही पाहिली.

"हे माह्यं काम नाई," ते हळू म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, ते पत्र पाहा बरं एकडाव पुन्हा."

पत्र माझ्या पेटीत होतं. मी ते आणून दारातच वाचलं, आणि त्या क्षणी सगळं समजलं. जुन्या पट्ट्या मोडीत काढून त्यांच्या जागी नव्या देऊ का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं.

"त्यांनी घोळ केला," मी म्हणालो. "पत्रात तर मी सांगितलं तसंच आहे."

मालक दोन दिवसांनी आले. सोबत त्यांचा पुतण्या होता, अकोल्यात वकिली करणारा. नव्या पट्ट्यांची भोकं गाडीच्या भोकांशी जुळत नव्हती. मालकांनी हात लावून पाहिलं आणि हात काढून घेतला. पुतण्याने मात्र सरळ विचारलं, "मुंबईचं पत्र कुठे आहे?"

"मास्तरपाशी हाय," मिस्त्री म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पत्र समोरच्या खोलीत, माझ्या पेटीत होतं. पुतण्याला वाचायला दहा सेकंद लागली असती.

"मी त्याच दिवशी परत दिलं मिस्त्रींना," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. ते चिडले नाहीत. त्यांनी एकदाच म्हटलं, "नाई मास्तर, तुमच्यापाशीच हाय." मी नकारार्थी मान हलवली. पुतण्या मालकांना म्हणाला, "काका, जुना माल चांगला असतो. कुठंतरी विकला असेल यानं, अन् मुंबईचं नाव सांगून राह्यला."

"तुह्यावर भरोसा ठेवला व्हता मी," मालक मिस्त्रींना म्हणाले आणि गाडीकडे न पाहता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या चुलीत मी ते पत्र घातलं.

एका मास्तराचा शब्द आणि एका निरक्षर मिस्त्रीचा शब्द. गावाला निवड करायला वेळ लागला नाही; मुंबईला लिहून विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पेट्या करायला देणारे लोक आधी पत्रा मोजून द्यायला लागले, मग देईनासेच झाले. मिस्त्री दुकानात बसून असायचे. मी खोलीतून बाहेर पडताना मागच्या गल्लीने जायला लागलो. पावसाळा सरल्यावर त्यांनी दुकान उचललं आणि हिंगोलीला गेले. सामान बैलगाडीत भरत होते तेव्हा मी शाळेत होतो. शाळा सुटली तरी मी तिथेच बसून राहिलो, वह्या तपासत.

त्यांना भेटायला मी तीन वर्षांनी गेलो. हिंगोलीच्या बाजारात विचारत विचारत त्यांचं दुकान सापडलं. ते पेटीला कडी बसवत होते. मला ओळखून त्यांनी बसायला डबा पुढे केला. मी सगळं सांगितलं, पत्राचं, चुलीचं.

"मले तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "तुमी दारात कागद वाचला, अन् बोलतानी माह्याकडं पाह्यलंच नाई."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो ना. एकडाव बोललो. मले वाचता येत नाई, मास्तर. माह्यं कोन आयकलं असतं?" त्यांनी कडी वाकवून पाहिली. "मालकाले सांगतलं काय?"

"मालक मागच्या साली वारले."

त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग आता मले काहून सांगून राह्यले?"

मालक जिवंत असताना, नोकरीला धोका असताना, मी आलो नव्हतो. आता कुणीच काही करू शकत नव्हतं, म्हणून आलो होतो. मी माफी मागितली.

"गिऱ्हाईक येऊन राह्यलं," ते म्हणाले. "जरा सरकून बसा."

मी सरकून बसलो. एक बाई लेकीच्या लग्नासाठी पेटी पाहायला आली होती. त्यांनी तिला झाकण उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं. ती गेल्यावर त्यांनी मला चहा पाजला आणि मोटारीची वेळ झाल्याचं सांगितलं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, केलं नाही असंही म्हणाले नाहीत.

परतीच्या मोटारीत मी वाट पाहत होतो की आता हलकं वाटेल. वाटलं नाही. पुढे माझी बदली झाली, इंग्रजीचा चांगला मास्तर म्हणून थोडं नावही झालं. निरोपाच्या समारंभात एकाने मला खरा माणूस म्हटलं, आणि मी हार गळ्यात घेऊन खाली पाहत राहिलो.