मधल्या दोन पानांतली होडी

दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात उर्सुला रिसेप्शनवर बसते. वसईच्या पाचूबंदरची कोळ्याची पोर. घरी आल्यावर ती टॅब्लेटवर चित्रकथा काढते, हे दवाखान्यात फक्त अदीबाला ठाऊक होतं. अदीबा एक्स-रे काढते आणि अरबी सुरेख लिहिते. दोघींनी मिळून पुस्तक करायचं ठरवलं: डावीकडून उघडलं की मराठी, उजवीकडून उघडलं की अरबी. गोष्ट एकच, समुद्रावर गेलेल्या बापाची वाट बघणाऱ्या मुलीची. दोन्ही बाजू मधोमध भेटतात, आणि तिथं दोन पानं व्यापणारी एकच मोठी होडी. शब्द एकही नाही.

बाप अर्थातच उर्सुलाचे पप्पा. ते गुरुवारी दोह्याला येणार होते, आणि शुक्रवारी वाचनालयातल्या मुलांच्या मेळ्यात पुस्तक टेबलावर येणार होतं. उर्सुलाला ते पप्पांच्या हातात द्यायचं होतं, बाकी कुणी घेवो न घेवो.

आणि छापखान्यातून नमुना आला, तो बघून तिला रडूच कोसळलं. अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं म्हणून तिनंच सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या पुस्तकाची बांधणी उजवीकडे वळवली होती. होडीच्या दोन सुट्या पानांनी मुकाट्यानं जागा बदलल्या. होडीचं पुढचं टोक आपल्याच सुकाणूवर आपटलं होतं.

"होडीनं स्वतःलाच ठोकलं की!" नवरा टोनी हसला, पण उर्सुलाच्या डोळ्यांपुढं पप्पा आले. पप्पांना वाचन जेमतेमच येतं, पण होडी त्यांना वाचता येते. हे बघून काय म्हणतील?

"खलास! अरबी काढूनच टाकते," उर्सुला दुसऱ्या दिवशी अदीबावर उखडली.

"यल्ला, चलो, पहले ठीक तो करो," अदीबा म्हणाली.

मग उर्सुलानं दोन्ही पानं जोडून एकच रुंद पान केलं आणि होडी नव्यानं काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोंड उजवीकडे. नावाड्याचा चेहरा घडीत जाऊ नये म्हणून त्याला जरा पुढं बसवलं. नवा नमुना अदीबानं तिच्या सवयीनं उजवीकडून चाळला.

"अच्छा, कश्ती घर आ रही है."

"नहीं रे, जा रही है."

"हमारे यहाँ तो आ रही है."

उर्सुलानंही मग उजवीकडून पानं उलटून पाहिली. खरंच की, या बाजूनं वाचत आलं की होडी समोरून येतच होती! अरबी काढायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

शुक्रवारी मेळ्यात पप्पांनी पुस्तक डावीकडून उघडलं. होडीवर बराच वेळ अंगठा फिरवला.

"होडी बरी काढलीस गो. पण ही चालली कुठं?"

फोन ठेवताना दर वेळी 'तू कधी येतेस' विचारणारा तोच आवाज. उर्सुलानं पुस्तक मिटलं आणि अरबी बाजू वर करून त्यांच्या हातात दिलं.

"आता इकडून बघा, पप्पा."

अक्षर एकही कळत नसताना म्हाताऱ्यानं एकेक पान निगुतीनं उलटलं. मधल्या पानांवर आले आणि थांबले.

"आली गो," ते म्हणाले, आणि पुस्तकावरचा हात उचलून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.