हिरव्या पाण्याची उसनवारी

गल्लीत तिला सगळे तळेवाली म्हणत. तळं कुठे नव्हतंच. होती ती चौथ्या मजल्यावरची गच्ची, आणि गच्चीवर टबच टब. घरी मासे वाढवायचे आणि शोभेच्या माशांच्या दुकानांना द्यायचे, हा तिचा धंदा. एखादा नवखा माणूस धापा टाकत वर यायचा आणि विचारायचा, "ताजे आहेत ना? किलो कसे दिले?"

"ताजे इतके आहेत की अजून पोहतायत," ती म्हणायची. "पण हे बघायचे मासे आहेत हो. खायचे हवे असतील तर बाजार तिकडे."

लग्नाआधी ती अशाच एका दुकानात काचा पुसायची. तिथेच तिला कळलं, की मोठे मासे डब्यातल्या कोरड्या खाण्यावर भागवतात, पण नुकती जन्मलेली पिल्लं त्याला तोंड लावत नाहीत. त्यांना हलणारं, जिवंत काहीतरी लागतं. ते जिवंत काहीतरी घरी वाढवायचं तिने मनावर घेतलं, आणि पहिल्याच वर्षी सपाटून आपटली. उत्साहाच्या भरात माशांच्या मोठमोठ्या पेट्या आणल्या आणि त्यांच्या खाण्यासाठी कोपऱ्यात त्या बारीक जिवांची एकच बादली ठेवली. बादली बघता बघता फस्त झाली, आणि पाठोपाठ पिल्लंही गेली. दोन दिवस ती रिकाम्या पेट्या घासत बसली. मग उठली आणि सगळा कारभार उलटा मांडला.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. जुन्या लोखंडी पट्ट्या जोडून त्याने तिला पायऱ्यापायऱ्यांची एक मांडणी करून दिली होती. सगळ्यात खाली, भर उन्हात, हिरव्या पाण्याचे ऐसपैस टब. त्या हिरवेपणात नुसत्या डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ असतं आणि ते उन्हावर पोसतं. त्याच्या वरच्या पायरीवर मोजक्या टबांत पाणपिसवा, म्हणजे मोहरीहून बारीक, टुणटुण उड्या मारत पोहणारे आणि ते हिरवं पाणी गाळून खाणारे जीव. त्याच्या वर पिल्लांच्या दोन काचपेट्या. आणि अगदी शेंड्यावर एकच पेटी, पिल्लांच्या आईबापांची.

"एवढ्याशा माशांसाठी खाली एवढं पाणी कशाला?" नवऱ्याने एकदा विचारलं होतं.

"आई तुझ्याबद्दल काय म्हणतात?"

"काय?"

"'पातेलंभर खातो, पण अंगाला काही लागत नाही.' तसंच आहे हे. पिसू खाते त्यातलं निम्म्याहून जास्त उड्या मारण्यातच जातं. अंगाला लागतं ते थोडंसं, आणि पिल्लाच्या वाट्याला तेवढंच येतं. पिल्लूही दिवसभर हुंदडतंच. म्हणून वर चिमूटभर हवं असेल तर खाली ढीग लागतो."

नवऱ्याने स्वतःच्या काटकुळ्या दंडाकडे बघितलं आणि वेल्डिंगचं सामान आवरायला घेतलं.

आता ती ज्यांना 'आई' म्हणाली, त्या तिच्या सासूबाई. स्वच्छता हा त्यांचा श्वास. त्या भांडं घासायला लागल्या की भांड्यालाच दया यावी. पण गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे कित्येक वर्षं त्यांनी गच्ची पाहिलीच नव्हती. त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या आणि समोरच्या घरांची परीक्षा घ्यायच्या. कोणाची खिडकी कधी पुसली गेली, कोणाच्या कुंडीखालच्या बशीत पाणी साचलंय, सगळं तोंडपाठ. मग यंदा गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, उत्तम झालं, आणि इथेच घोटाळा झाला.

त्याच सुमारास शहरातल्या मत्स्यालयाच्या मुख्य बाईंनी तळेवालीकडे नारिंगी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी आणून दिली होती. त्यांच्याकडची ती शेवटची. मोठ्या पेट्यांत ती अंडीच घालेना. "तुमच्याकडे जमलं तर बघा," बाई म्हणाल्या होत्या. "पिल्लं जगली, तर आमचा पिल्लांचा सगळा विभाग तुम्हीच सांभाळायचा." आणि जमलं की हो! काचपेटीत तांदळाच्या कणीएवढी पिल्लं सरसरत होती. तळेवालीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. रविवारी बाई बघायला येणार होत्या.

बुधवारी ती दुकानांना मासे पोचवून घरी आली. दारातच सासूबाई उभ्या, चेहऱ्यावर नव्या नवरीचं तेज.

"अगं, वर जाऊन तर बघ! किती घाण साचली होती बाई. तुला एकटीला कुठे पुरं पडणार? म्हटलं, आता गुडघे धड आहेत, तर आपणच हात फिरवावा."

तळेवाली धावतच वर गेली. खालच्या पायरीवरचे टब आरशासारखे लखलखत होते आणि त्यांत नळाचं स्वच्छ, नितळ पाणी भरलेलं होतं. पिसवांच्या टबांना मात्र सासूबाईंनी हात लावला नव्हता. आत काहीतरी वळवळतंय हे पाहून त्यांना शिसारी आली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पिसवा आज होत्या, पण खायलाच नसेल तर उद्या त्यांची वीण थांबणार, परवा त्या संपणार, आणि मग पिल्लं. पहिल्या वर्षीची ती बादली तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. नवं पाणी हिरवं व्हायला आठवडा तरी हवा, आणि तेही मुरवणाला थोडं जुनं पाणी असेल तर.

ती खाली आली. सासूबाई अजून कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. बिचाऱ्या नव्या गुडघ्यांनी एवढे जिने चढून गेल्या होत्या. तिला रागही आला आणि मायाही आली, आणि मायेनेच बाजी मारली.

"छान झालंय, आई," ती म्हणाली, आणि बादली घेऊन बाहेर पडली.

पण घाण पाणी मागायचं कसं, याला काही रीत असते का? शिंपीणबाईंच्या दारात उभं राहून तिने विचारलं, "तुमच्याकडे एखादं हिरवं पडलेलं पाणी असेल का हो?"

"आमच्याकडे?" शिंपीणबाईंनी सुई हवेतच थांबवली. "आमच्याकडे असलं काही नसतं हं!"

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना किती निर्जंतुक आहे ते समजावून सांगितलं. निवृत्त मुख्याध्यापक तर नाकाने कांदे सोलत म्हणाले, "शोभेचं कुंड आहे माझं. पण ते मी नियमित धुतो." पंक्चरवाला तेवढा दिलदार निघाला, त्याने ट्यूब बुडवायचं आख्खं घमेलं पुढे केलं. पण त्या पाण्यावर तेलाचा तवंग होता. ती रिकाम्या बादलीनिशी परतली आणि गच्चीच्या जिन्यात बसून राहिली.

तेवढ्यात खालून सासूबाईंचा आवाज चढत आला. "शिंपीणबाई म्हणतायत, तू दारोदार घाण मागत फिरतेयस! लोक काय म्हणतील? आपल्या घरात काय कमी आहे ग?"

"तेच कमी आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. मग सगळं सांगावंच लागलं. सासूबाईंना हाताला धरून तिने वर नेलं आणि एकेक पायरी दाखवली. कोण कोणाला खातं, आणि तळाला ते हिरवं नसेल तर वर काहीच कसं टिकत नाही, तेही सांगितलं.

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पिल्लांच्या पेटीत कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे ह्या लेकरांच्या पोटावर मीच पाय दिला."

"तुम्हाला काय माहीत, आई."

"मला घाण कळते, एवढंच माहीत होतं," त्या म्हणाल्या. मग एकदम ताठ झाल्या. "बादली आण. दुसरीपण आण. आणि कोण काय म्हणालं ते सांग मला."

त्यानंतर गल्लीने जे पाहिलं, त्यावर अजून बोलणं निघतं. पुढे सासूबाई, मागे दोन बादल्या घेतलेली सून.

"शिंपीणबाई, वरच्या खिडकीतली वेलीची बरणी. सहा महिन्यांत पाणी बदललेलं नाही. आणा."

बरणी आली.

"डॉक्टर, तुमच्या दारातलं कारंजं बंद पडलंय. आत वाकून बघा जरा."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं, त्यांचे कान लाल झाले आणि त्यांनी स्वतः तांब्या भरून दिला.

मुख्याध्यापकांच्या दारात तर त्यांनी नुसतं विचारलं, "नियमित म्हणजे कधी हो?" त्यांनी कुंडावरची जाळी काढली. आत इतकं सुंदर, गर्द हिरवं पाणी होतं की तळेवालीने आनंदाने टाळ्याच वाजवल्या. शरमेने चूर झालेल्या मुख्याध्यापकांना आपलं अभिनंदन का होतंय, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

थोडं पाणी तिने फडक्यातून गाळून लगेच पिसवांना दिलं आणि उरलेलं मोठ्या टबांत मुरवणासारखं सोडलं. नळाच्या पाण्यातलं औषध उडायला हवं म्हणून ते टब आधी उन्हात तापू दिले. काही पिल्लं गेली. पण बरीचशी राहिली. गुरुवार आणि शुक्रवार सासूबाई गच्चीवरच खुर्ची टाकून बसल्या, आणि हिरव्या टबांच्या आसपास कोणी फडकं घेऊन फिरकलं की खेकसायच्या. फडकं घेऊन फिरकणारं त्यांच्याशिवाय घरात कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

रविवारी मत्स्यालयाच्या बाई आल्या. पेटीपुढे वाकल्या, आणि सरळ होताना हसल्या. "कामावर कधी येताय?"

तळेवालीने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. काचेला नाक टेकवून त्या एका पिल्लाकडे बघत होत्या. त्याने नुकतीच एक पिसू गिळली होती, त्यामुळे त्याचं पारदर्शक पोट गच्च फुगलं होतं आणि आत हिरवट ठिपका चमकत होता.

"बघ ग," त्या हळूच म्हणाल्या, "ह्याच्या अंगाला लागतंय."