कँटीनमध्ये उघडलेले कान

परकी भाषा शिकताना माणूस बोलण्यात चुकतो, असं मला वाटायचं. साफ खोटं! आधी कान चुकतात. चाकणच्या आमच्या कंपनीत जपानी भाषेचा क्लास सुरू झाला आणि या कानांचे इतके किस्से जमले राव, की चहाला दोघं भेटलो तरी तिसरं वाक्य तेच!

क्लास फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कँटीनमध्ये भरायचा. शिकवायला सुनेत्रा मॅडम. जपानहून आलेले आमचे क्वालिटीचे साहेब ओकुदा-सानही येऊन बसायचे. ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. आम्ही जपानी शिकायचो, ते मराठी. थोडक्यात, वर्गात सगळेच बहिरे!

*

आमचा मेंटेनन्सचा गणेश. मराठवाड्याचा, हौशी गडी. एकदा जेवताना त्याला ऑम्लेटवर मिरपूड हवी होती. नवा शब्द वापरायची संधी कोण सोडणार? ओकुदा-सानकडे बघून जोरात म्हणाला, “कोशोऽ!”

ओकुदा-सानांनी भात तसाच ठेवला, हेल्मेट चढवलं आणि पळाले ते थेट प्रेस लाइनवर!

जपानीत ‘कोशो’ म्हणजे मिरपूड, आणि ‘कोशो’ म्हणजेच मशीनचा बिघाड. सूर कुठे उतरतो, एवढाच काय तो फरक. मॅडमनी दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणून दाखवले. गणेश हात जोडून म्हणाला, “मॅडम, हे दोन शब्द न्हाईतच. तुम्ही एकच शब्द दोनदा म्हणताय!”

पण गडी हटला नाही. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता कानात हेडफोन. आणि एक दिवस भर जेवणात ताडकन उभा राहून ओरडला, “ऐकू आलं! मिरपूड उतरते! बिघाड सरळ जातो, मिरपूड खाली उतरते!”

कँटीनच्या मंगलमावशी आतून म्हणाल्या, “उतरली तर उतरू दे. पुसून घे!”

*

ओकुदा-सानांची पंचाईत वेगळी. त्यांना ‘ब’ आणि ‘भ’ एकच वाटायचे. मॅडमनी युक्ती सांगितली, “तोंडासमोर टिश्यू पेपर धरा. ‘भ’ला तो उडतो, ‘ब’ला फारसा हलत नाही.”

झालं! साहेब टिश्यू घेऊन सगळ्या प्लांटभर. मंगलमावशी पोळ्या लाटत होत्या, तर त्यांच्या नाकासमोर कागद धरून म्हणाले, “मावशी, प्लीज, भाकरी!”

“अहो, आज पोळ्या आहेत!”

‘अहो’ला कागद उडाला. साहेब खूश! “थँक यू! आता बटाटा!”

“बटाटा संपला!” कागद जागेवरच.

साहेबांनी कमरेत वाकून आभार मानले. मावशी आम्हाला विचारतात, “या माणसाला भूक लागलीय की वारा?”

दोन महिन्यांनी मात्र साहेब डोळे मिटून बसले, आम्ही शब्द म्हणत गेलो, आणि ‘ब’-‘भ’ त्यांनी एकही चुकवला नाही. आम्ही टेबलं बडवली!

*

हा किस्सा मात्र आमच्या कानाखाली आवाज काढणारा.

एक दिवस ओकुदा-सानांनी विचारलं, “चिंचवडमध्ये दोन ‘च’ आहेत. दोन्ही वेगळे. मग अक्षर एकच का?”

आम्ही हसलो. मी तर काळेवाडीत वाढलेला. चिंचवड माझ्या नाकासमोर! म्हटलं, “साहेब, च म्हणजे च. वेगळे कुठले?”

“नो, नो. पहिला चहाचा. दुसरा चाकाचा.”

गणेश हळूच पुटपुटला, “चिंच... चिं...च...” आणि त्याचे डोळेच मोठे झाले. मग मी. मग मॅडम! उभा जन्म जे तोंडाने म्हणत आलो, ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं! पाच मिनिटांत अख्खं कँटीन छताकडे बघत “चिंच, चिंच” करत होतं.

दारातला सिक्युरिटीवाला आत डोकावून म्हणाला, “कुणाला डोहाळे लागलेत का?”

*

साहेबांना शेवटपर्यंत जमले नाहीत ते ‘न’ आणि ‘ण’. एका दुपारी मॅडमनी परीक्षा घेतली. ‘मन’ की ‘मण’? साहेबांचे सगळे अंदाज हुकले. “सेम आहेत,” ते उदास होऊन म्हणाले. “माझे कान म्हातारे झाले.”

त्यांचा मूड परत यावा म्हणून त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना जवळच्या गावच्या जत्रेला नेलं. सोबत त्यांची चार वर्षांची मुलगी, हाना. आकाशपाळण्यापाशी गर्दीचा एक लोंढा आला आणि पोरीचा हात सुटला.

साहेबांचा चेहरा पांढराफटक. आम्ही चारही बाजूंना हाका मारतोय, पण डीजेपुढे काय ऐकू जाणार? तेवढ्यात कर्ण्यातून खरखरत आवाज आला, “हाणा!... हाणा!...”

“मारामारी पेटली वाटतं!” गणेश ओरडला. “तिकडं नको, साहेब!” आम्ही दोघांनी त्यांना धरून मागे ओढलं.

त्यांनी हिसडा देऊन हात सोडवला आणि आवाजाच्या दिशेने धावत सुटले. आम्ही मागे.

मांडवात, माईकच्या टेबलावर पोरगी बसलेली. हातात जिलबी, गालावर अश्रू. माईकवाले आजोबा म्हणाले, “तुमची हाय व्हय? नाव इचारलं, तर ‘हाणा’ म्हणाली. मग म्या त्येच पुकारलं!”

मी धापा टाकत म्हणालो, “ओकुदा-सान, ते तर ‘हाणा’ म्हणत होते!”

पोरीला छातीशी घट्ट धरून साहेब म्हणाले, “हो ना! ‘हाना’!”