मावशींचा राहिलेला प्रश्न

मंडळी, मी सर्वेक्षणासाठी गावोगाव फिरते. निवडलेल्या प्रत्येक घरी चार फेऱ्या करायच्या, मग ते घर कायमचं वगळलं जातं.

आज निरवांगीत एकट्या राहणाऱ्या मावशींकडे चौथी फेरी होती. ही शेवटची, हे मी त्यांना आधीच सांगितलं.

त्यांनी सगळं सांगितलं. फक्त 'गेल्या आठवड्यात काय काम केलं?' याचं उत्तर तेवढं टाळलं.

"बाई, ते पुढल्या खेपंला सांगते. मागं मी डेरीला दूध घालाय गेले, माहिती अर्धी राहिली, तर तुमी परत आला व्हता की."

त्यांच्या हाताला शेण लागलेलं होतं. उत्तर समोरच दिसत होतं. मी ते टॅबवर भरलं आणि 'पूर्ण' दाबलं.

"मग कवा येताय?"

"येते," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

इंदापूर आलं तरी त्या 'येते'चं काही वाटलं नाही. तुम्हाला वाटलं असतं का?