मशीन बंद झाल्यावरचं गाणं

लाँड्रीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. दिवसभर हातात इस्त्री, पण पाळी संपली की हीच बाई कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये उभी राहून कामगारांचा कोरस बसवायची, आणि स्वतःही त्यांच्यात गायची. चूक दाखवायची तिची एक तऱ्हा होती. वाईट ते पहिल्या वाक्यात सांगून टाकायचं, नाव कुणाचं घ्यायचं नाही आणि मग गप्प बसून समोरच्यांना कुरकुरू द्यायचं. बोलणी खाल्लेला माणूससुद्धा हसत घरी जायचा.

समूहगान स्पर्धेच्या दिवशी मात्र तिचं धाबं दणाणलं. दुपारी रिकाम्या सभागृहात आवाज लावून बघायला म्हणून एक कडवं घेतलं, तर पहिल्याच ओळीला झरोक्यातली कबुतरं फडफडत उडाली. वर्षभर सराव झाला तो धुलाई मशीनच्या शेजारी. पुढच्या पाळीसाठी ते घरघरत असायचं म्हणून हे मोठ्याने गायचे. ते पिळायला लागलं की हे आणखी चढायचे. इथे मशीन नव्हतं, पण गळे तसेच चालू होते. आणि गाणं होतं अंगाईचं.

सगळ्यांच्या वर आवाज दादाचा. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, लाँड्रीची गाडी चालवणारा. वहिनी गेल्यावर तोंड मिटून घरात बसलेला हा माणूस कोरसमुळे पुन्हा चारचौघांत आला होता. राग तर नाकाच्या शेंड्यावर. बोललं तर हा उठून जाणार आणि परत स्वतःला कोंडून घेणार. न बोललं तर भरल्या सभागृहात सगळ्यांचं हसं होणार, त्याचं सगळ्यांत जास्त. तरी तिच्या अंगात वारं संचारलं. पडदा उघडायला अजून वेळ होता!

तिने सगळ्यांना रंगमंचावरच खाली बसवलं.

"आपण ओरडतोय," ती म्हणाली. "मशीनपाशी मीच शिकवलं, सवय मीच लावली. आता सोडवतेही मीच."

बायकांत कुजबुज झाली. घड्या घालणाऱ्या मावशी म्हणाल्या की त्यांना कधीचंच वाटत होतं. एवढ्यात दादा उभा राहिला.

"सगळ्यांत मोठ्याने मीच ना? मग नाव घे की."

दुसरं कुणी असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं. पण भावाशी आडवळणाने बोललं की त्याला लगेच कळतं.

"हो दादा, तूच. तुझा आवाज मला हवाय. पण बाळ झोपवायचंय रे, तू त्याला उठवतोयस."

मग धुलाईवाल्या काकांना हसू फुटलं, मावशींना ठसका लागला आणि दादाच्या मिशा थरथरल्या. तो खाली बसला नाही, पण गेलाही नाही.

तिने लगेच फर्मान काढलं. शेजारचा ऐकू आला नाही तर आपला आवाज उतरवायचा. आधी सगळे दवाखान्यात आल्यासारखे पुटपुटले. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं, आणि एकदम गाणं जमलं. मास्तरीण जागच्या जागी उड्या मारू लागली.

संध्याकाळी ते असे गायले की पुढच्या रांगेतली माणसं ऐकायला पुढे वाकली. शेवटची ओळ विरली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक काही बोलत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. शेजारी उभ्या दादाने तिचा दंड घट्ट धरला होता आणि त्याचे डोळे डबडबले होते.

"अगं, तू किती छान गातेस," तो म्हणाला. "वर्षभर तुझ्याच शेजारी उभा आहे मी. मला कधी ऐकूच आलं नाही."