लाँड्रीपाशी बंद पडलेली गाडी

आज गाडी चुकीच्या जागी बंद पडली, तेव्हा मला पक्कं कळलं की हे गेले.

तसं जाऊन आज वर्ष झालं. सगळे विधी झाले, पेन्शनचे कागद झाले. पण कळणं वेगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या यांना जुन्या ऑफ-रोड मोटारसायकलींचं वेड होतं. चिखलात, वाळूत चालवायच्या, उंच मडगार्डच्या. आता कंपनी बनवत नाही, पार्ट मिळत नाहीत, आणि म्हणूनच यांना त्या हव्या असायच्या.

लाल गाडी वसईला एका पोल्ट्रीच्या शेडमध्ये मिळाली. एअर फिल्टर उघडला तर आत कोंबडीची पिसं.

मी म्हटलं, "अहो, ही गाडी आहे की खुराडं?"

"थांब गं. एकदा बोलायला लागली ना, मग बघ."

बोलायला तिने काही वर्षं घेतली. बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत गॅलरीत इंजिन, पलंगाखाली चाकं.

एकदा माझ्या पोह्यांच्या चाळणीत नटबोल्ट निथळत ठेवलेले.

"धुतलेत गं. तुझ्या पोह्यांपेक्षा स्वच्छ आहेत."

आठवडाभर पोहे केले नाहीत मी.

मॅन्युअल इंग्रजी होतं. माझी शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं वाचन मी लायब्ररी लावून केलं. तेव्हा डिक्शनरी मांडीवर घेऊन मी वाचायची आणि हे खाली बसून पाना फिरवायचे. आमच्या नवराबायकोच्या गप्पा म्हणजे त्याच.

गाडी सुरू होईना झाली की मालवणीत तिची समजूत काढायचे. "गो बाये, ऐक गो माझा."

मला जन्मात कधी असं लाडाने बोलले नाहीत. तेही मी ऐकवलं होतं. हसले नुसते.

आता ती बंद पडण्याची गोष्ट.

या जुन्या गाड्यांत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. रविवारी फिरवून गाडी आठवडाभर उभी केली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि चिकट ऑइल मागे राहतं. बारीक भोकं बुजतात. म्हणून यांच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपमधले सगळे घर यायच्या थोडं आधी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करतात. उरलेल्या थेंबांवर गाडी चालते आणि आपोआप बंद पडते.

बाकीच्यांची कुठेही बंद पडते. मग ढकलत आणतात.

यांची आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बंद पडायची. दर रविवारी. गोराईहून आले तरी तिथेच, मढहून आले तरी तिथेच.

पेट्रोल संपत आलं की आवाज आधी थोडा चढतो. तो चढला की मी गॅस पेटवायची. मग खाली शांतता, मग जिन्यात पावलं, तोवर चहाला उकळी.

गेले तेही जिन्यातच. बँकेतून पायी येत होते. त्या दिवशी गाडीचा आवाज नव्हता, म्हणून मला काही कळलंच नाही.

त्यानंतर मी गाडीवर कव्हर घातलं आणि कुणाला हात लावू दिला नाही.

ग्रुपमधला मिलिंद मुलुंडहून दर महिन्याला यायचा. यांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःची पोरगी लग्नाला आलेला माणूस. कव्हरखाली हात घालून बघायचा.

"वहिनी, एकदा कीक मारू द्या ना. आत गंज धरतोय. अजून एक पावसाळा अशी उभी राहिली तर इंजिन जाम होईल. दादांनी केलेलं सगळं फुकट जाईल."

"जाऊ दे."

मला तो आवाज ऐकायचा नव्हता. आणि गाडी मरायला नको होती. दोन्ही कसं जमणार?

आज सकाळी नैवेद्य ठेवला आणि त्याला फोन केला. म्हटलं, ये.

त्याने प्लग साफ केला, नवीन पेट्रोल-ऑइल भरलं. बऱ्याच किका मारल्यावर ती खोकली आणि सुरू झाली. खाडीपर्यंत चक्कर मारून येतो म्हणाला.

मी वर आले. भांडी आवरत होते. लांबून आवाज आला. मग तो चढला.

आणि माझा हात लायटरकडे गेला.

गॅस पेटवला मी. चहाचं भांडंही ठेवलं.

आणि आवाज थांबला. कोपऱ्यावर, लाँड्रीपाशीच.

मी गॅस बंद केला.

मिलिंद घामाघूम होऊन गाडी ढकलत गेटमधून आला. मी खाली गेले.

"सॉरी वहिनी, अंदाज चुकला. दादा कॉक नेमका कुठे बंद करायचे हो? पुढच्या वेळी बरोबर खिडकीखाली आणतो."

मला माहीत आहे कुठे. कितीदा मागे बसून आलेय. रस्त्यात कुठे आल्यावर यांचा डावा हात टाकीखाली जायचा, ते मी डोळे मिटून सांगेन.

म्हटलं, "इथे आणायचीच नाही आता. तू घेऊन जा. मुलुंडला ठेव. दर रविवारी चालव."

तो बघतच राहिला. "अहो वहिनी, पण..."

"पण नाही आणि बिण नाही. उभी राहून मरेल ती."

पार्टचा डबा दिला, पाने दिले, मॅन्युअल दिलं. चाळणीसुद्धा दिली. रडला बिचारा. मी नाही.

निघताना त्याने परत विचारलं, "ती जागा तरी सांगा."

"तुझ्या गेटसाठी तुझी तू शोध."

ती जागा सांगितली नाही. तेवढी माझ्याकडे राहू दे.

अहो, गाडी मुलुंडला गेली. नीट गेली.

तुम्हीही आता नीट जा.